पावसाळ्याची बेगमी आणि अडचणीचे दिवस : किनारपट्टीवरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांसाठी ही उत्तरं आहेत. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी करायच्या साठ्याची, खरेदी इथे पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यामुळे साठा का करायचा हे कुणाला सांगावं लागत नाही. घोळ होतो तो पुढे: भरलेलं धान्य दमट हवेत टिकत नाही, विहिरीचं पाणी गढूळ होतं, वीज जाते आणि हातात रोकड नसते. म्हणून जास्त जागा या चार गोष्टींना दिली आहे.

साठा नेमका किती दिवसांचा हवा?

दोन हिशेब वेगळे ठेवा. पहिला पंधरा दिवसांचा, म्हणजे दुकान, गिरणी, वीज, रस्ता यांतलं काहीही चालू नाही असं धरून. दुसरा नेहमीच्या आगोटीचा, जून ते गणपतीपर्यंतचा. यात बाजारातून मधूनमधून भर पडते.

पंधरा दिवस हा आकडा हवेतला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा दुकानातला मालच भिजला. घराजवळ दुकान आहे, हा भरवसा अशा वेळी कामाचा नाही.

चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांचं सामान किती?

दोन मोठी माणसं, एक वयस्कर आणि एक शाळकरी मूल असं घर धरलं, तर माणशी रोज सरासरी ३०० ग्रॅम धान्य लागतं. म्हणजे एकूण १८ किलो: १२ किलो तांदूळ, ४ किलो नाचणी, गहू किंवा तांदळाचं पीठ, २ किलो पोहे. डाळी-कडधान्यं ४ किलो, तेल २ लिटर, मीठ १ किलो, साखर-गूळ मिळून २ किलो, चहा पाव किलो, दूध पावडर अर्धा किलो. कांदे ५ किलो, बटाटे ३ किलो, लसूण, आमसुलं, मसाला घरच्या सवयीप्रमाणे. शेतात राबणारा गडी घरात असेल तर त्याचं धान्य दीडपट धरा.

कडधान्य निवडताना इंधनाचाही विचार करा. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, मूगडाळ कुकरला पटकन शिजते. कडवे वाल मात्र भिजवा, मोड आणा, सोला, मग शिजवा. चवीला उत्तम, पण पाणी आणि गॅस दोन्ही जपून वापरायचे असताना ते मागे ठेवावेत. पहिले तीन दिवस चूल न पेटवताही भागेल असं काहीतरी हाताशी हवं: पोहे, चुरमुरे, सातूचं पीठ, शेंगदाणे-गूळ, सुकं खोबरं.

घरात कुणी खात नाही ते स्वस्त मिळालं म्हणून भरू नका. ओट्सची पाकिटं गणपतीनंतर गुरांच्या आंबोणात जातात.

तांदळात दरवर्षी जुलैपर्यंत किडे आणि जाळी का होते?

कारण बहुतेक वेळा किडा डब्यात पडत नाही, तो अंड्याच्या रूपात धान्याबरोबरच येतो. त्याला लागते ऊब आणि ओल, आणि आपल्याकडे जूननंतर दोन्हींचा तोटा नाही. धान्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली की किडा वाढतो, त्याहून जास्त असेल तर बुरशी धरते आणि कुबट वास येतो.

ओल पाहायची एक सोपी युक्ती. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि दोन चमचे एकदम कोरडं, बारीक मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे. ते भरू नका. दाणा दाताखाली धरला तर कट्‌ आवाज करून तुटला पाहिजे; दबला तर परत उन्हात.

ऊन द्यायचं ते एप्रिल-मेमध्ये. डाळी, कडधान्यं आणि भात दोन-तीन दिवस कडक उन्हात चटईवर पातळ पसरा. तांदळाला मात्र तापलेलं ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि शिजताना कण्या होतात. त्याला सावलीतला वारा पुरतो. पुष्कळ जण इथेच चुकतात की उन्हातून आणलेलं गरम धान्य तसंच डब्यात भरतात. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि वरचा थर आधी नासतो. रात्रभर सावलीत निवू द्या, सकाळी भरा.

डबा गच्च भरावा, वर पोकळी कमी ठेवावी. मोठं पिंप एकच असेल तर रोज उघडताना दमट हवा आत जाते. त्यापेक्षा दहा-दहा किलोचे डबे बरे, एका वेळी एकच उघडायचा. डबे जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं लांब. मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीतून ओल येतेच.

कडधान्याला एरंडेल चोळायची जुनी पद्धत पक्की आहे: किलोला एक चहाचा चमचा, दोन्ही हातांनी दाण्यादाण्याला लागेपर्यंत. भुंगेऱ्याची अंडी त्यावर टिकत नाहीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला घातला तर तुम्ही स्वतःच ओल आत नेली. रवा, मैदा, बेसन थोडं असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग बंद पाकिटासकट बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

तांदूळ भरावा की भात?

घरचं पीक असेल तर भातच. टरफल आहे तोवर दाणा वर्षभर टिकतो, तांदूळ सहा महिन्यांत किडू लागतो. कमी पॉलिश केलेला तांदूळ पौष्टिक खरा, पण कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो. अडचण एकच, गिरणीला वीज लागते. म्हणून जून-जुलैचा तांदूळ मेअखेरच भरडून आणा. १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो, त्यावरून हिशेब करा. महिन्याला ३० किलो तांदूळ लागणाऱ्या घराने दोन महिन्यांसाठी ९०–९५ किलो भात गिरणीत न्यावा. उकडा तांदूळ साध्यापेक्षा थोडा जास्त टिकतो.

धान्यात औषधाच्या गोळ्या टाकल्या तर?

सेल्फॉससारख्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, आणि पावसाळ्यात बंद खोलीत तो झोपेत माणसं मारतो. गोदामात त्या वापरायला प्रशिक्षित माणूस लागतो. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. बोरिक पावडर लावलेलं धान्य पुष्कळ घरांत असतं, पण ती खायची वस्तू नव्हे. एरंडेल असताना तिची गरजही पडत नाही.

सुकी मासळी पावसात मऊ पडते, वास मारते. काय करावं?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून सुकट, सोडे, बोंबील, खारे बांगडे मेअखेरीस भरले जातात आणि भाव त्याच वेळी चढतो. एप्रिलमध्ये घ्या. घेताना मुठीत दाबून पाहा: जवळा कुरकुरला पाहिजे, बोंबील वाकवला तर मोडला पाहिजे. मऊ मासळी वजनाला जड, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देता.

घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हं द्या, वाळू झटका, डोकी आणि शेपट्या काढा. निवल्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून पत्र्याच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, तळाशी वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या. पंधरा दिवसांनी एखादं ऊन पडलंच तर सगळा डबा बाहेर काढायचा मोह टाळा, त्या उन्हात दम नसतो. त्यापेक्षा मंद तव्यावर लागेल तेवढी मासळी भाजून घ्या. खाऱ्या माशावर गुलाबी झाक दिसली किंवा हात लावल्यावर बुळबुळीत लागलं, तर धुऊन, तळून वापरू नका, टाकून द्या.

लोणची, आमसुलं, पापड?

यात फारसं सांगण्यासारखं नाही. लोणच्यावर तेलाचा थर बोटभर हवा आणि चमचा कोरडा. आमसुलं आणि आगळ काच किंवा चिनी मातीत ठेवा, धातूत नको. पापड-कुरडया मेमध्येच भरून झाकणाला कापड बांधा. फणसाच्या आठळ्या माती फासून, वाळवून ठेवल्या तर श्रावणापर्यंत भाजीला होतात.

पिण्याचं पाणी किती साठवावं आणि विहीर गढूळ झाली तर?

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ५ लिटर. चार माणसांना सात दिवसांचे १४० लिटर, म्हणजे वीस-वीस लिटरचे सात कॅन. वरची टाकी भरलेली असली तरी हे वेगळं ठेवा, कारण टाकी भरायला पंप लागतो आणि पंपाला वीज. भांडी-संडासाला पागोळ्यांचं पाणी धरा: १० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ८० लिटरच्या आसपास मिळतं. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि पाला असतो.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर आधी उपसा, मगच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गाळ असताना टीसीएल टाकून उपयोग नाही, क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

मात्रा अशी काढा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने. उत्तर घनमीटरमध्ये येतं, हजाराने गुणलं की लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे या विहिरीला १४० ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. म्हणजे १४० ग्रॅम दोन बादल्यांत विभागा. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी मलईसारखं कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं ठेवा. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोराने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, बाजूला हिंदकळा म्हणजे ते सगळीकडे मिसळतं. चुन्याचा गाळ बाहेर खड्ड्यात. निदान तासभर पाणी काढू नका. संध्याकाळी टाकून सकाळी वापरणं सगळ्यांत सोयीचं.

टीसीएल ग्रामपंचायतीकडे असतं, आणि क्लोरीन उरलं आहे की नाही ते ओटी चाचणीने (नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून) जलसुरक्षक पाहून देतो; पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. उघड्या पिशवीतली, गोळे झालेली जुनी पावडर निकामी असते. तिची मात्रा वाढवत बसू नका, नवी आणा.

तुरटी फिरवल्याने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. खळखळून उकळी आल्यावर पाणी आणखी काही मिनिटं उकळू द्या, मग प्या.

गॅस संपला आणि रस्ता बंद. तयारी कशी?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं. काट्यावर ठेवून वजाबाकी करा. काटा नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर वरून खाली पुसा. जिथे ओल उशिरा वाळते तिथपर्यंत गॅस आहे. दुसरा सिलिंडर मेअखेर भरून ठेवा आणि पुराच्या गावात तो बांधून ठेवा, कारण सिलिंडर पाण्यावर तरंगत जातो. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर एजन्सीच्या माणसाने पाहिल्याशिवाय लावू नका. गळतीसाठी १९०६.

चूल असेल तर पंधरा दिवसांचं सरपण मृगाआधी माळ्यावर किंवा मांगरात (शेतघरात) हवं. खाली घातलेलं लाकूड जमिनीची ओल ओढतं आणि नुसता धूर करतं. नारळाच्या चुडत्या आणि सोडणं पेटवायला वेगळी बांधून ठेवा. आणि एक गोष्ट कडकपणे: पाऊस आहे म्हणून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर दारं लावून आत चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वीज गेल्यावर फ्रीज, इन्व्हर्टर आणि औषधांचं काय?

दार न उघडता फ्रीज चार तास, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो. वितळलेली मासळी पुन्हा गोठवू नका. अशा वेळी लगेच तळून संपवावी, शेजारी द्यावी.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात १२०० धरा. एक साधा पंखा आणि चार एलईडी दिवे मिळून ११० वॉट, म्हणजे अकरा तास. पंख्याऐवजी फक्त दिवे आणि मोबाइल चालवले तर दिवसभर. आठवड्याच्या अंधाराला इन्व्हर्टर पुरत नाही हे आधीच समजून घ्या, आणि जूनमध्ये ढगाखाली सौर पॅनेलवरही फार भिस्त ठेवू नका. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी मेमध्ये पाहा.

इन्सुलिनची चालू बाटली ३० अंशांखाली बहुतेक प्रकारांना चार आठवडे चालते, तरी बाटलीसोबतचा कागद वाचा. न उघडलेल्या बाटल्यांसाठी लहान मडकं मोठ्या मडक्यात, मधे ओली वाळू आणि वर ओलं फडकं. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वापरू नका. रक्तदाब, साखर, दमा यांची औषधं महिन्याभराची हवीत. चिखलात काम करणाऱ्यांनी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं.

भाव वाढणार म्हणतात. कर्ज काढून एकदम साठा करावा का?

नाही. हिशेब मांडून पाहा. दरमहा ३ टक्क्यांनी दहा हजार रुपये चार महिन्यांसाठी घेतले तर व्याज १,२००. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या सामानाचा भाव १२ टक्क्यांहून जास्त चढला तरच तुम्ही फायद्यात, आणि त्यात किडीने गेलेलं धरलेलं नाही. डाळीचे भाव चढतात तसे उतरतातही.

आपल्याकडे उत्पन्न ऋतूचं असतं. आंबा-काजूचा पैसा मेपर्यंत, मासेमारी आणि पर्यटन पावसात थंड. मुंबईहून पैसे येणारी घरं सोडली तर जून ते सप्टेंबर हा ओढीचा काळ. म्हणून खरेदी हंगामाला जोडा: तांदूळ किंवा भात कापणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तूर आणि कुळीथ फेब्रुवारी-मार्चमध्ये, कांदा एप्रिलमध्ये, आमसुलं मेमध्ये. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घेतल्या तर हवेशीर टांगा, ढीग करू नका. दर महिन्याला एका वस्तूची बेगमी केली तर मेमध्ये एकदम खिसा रिकामा होत नाही. दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर घाऊक भाव मिळतो. बचत गटांना हे सहज जमतं.

आंबा-काजू बागायतदारांनी हवामान आधारित फळपीक विमा मुदतीत भरावा. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, हे दरवर्षीचं आहे.

घरात रोकड किती ठेवावी?

पंधरा दिवसांच्या खर्चाइतकी, ५०, १०० आणि २०० च्या नोटांत. टॉवर गेला की यूपीआय गेलं, आणि दुकानदाराकडे पाचशेची मोड नसते. जाड प्लास्टिकमध्ये, दोन ठिकाणी ठेवा. बाकीचे पैसे कुठे आहेत तेही पाहा: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

रेशनवर किती अवलंबून राहावं?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ खाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, सध्या मोफत. वरच्या हिशेबाने माणसाला महिन्याला ९ किलो लागतं, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त भागतं. जूनचं धान्य पहिल्या आठवड्यातच उचला. ई-केवायसी राहिली असेल तर पावसाआधी उरका, नेटवर्क नसताना अंगठा उमटत नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे नोकरीसाठी मुंबईत असलेल्यांना तिथल्या दुकानातही आपला वाटा घेता येतो.

नुकसान झालं तर भरपाईसाठी काय लागतं?

साफसफाईआधी फोटो आणि व्हिडिओ: घराचा दर्शनी भाग, उडालेली कौलं, भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं धान्य. मग तलाठी आणि ग्रामसेवकांकडे पंचनाम्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. घर, गुरं, शेत, होडी यांच्या नोंदी वेगवेगळ्या होतात. एकात सगळं येईल असं समजू नका. आधार, सातबारा, घरपट्टीची पावती, बँक पासबुक यांच्या प्रती बंद पिशवीत आणि फोटो मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनमध्येही ठेवा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा पॉलिसीत वादळ, पूर आणि भूस्खलन येतं.

घर सोडायचं कधी?

हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाची शक्यता. खाडीकाठी त्याच वेळी भरती असेल तर पाणी बाहेर जाणार नाही, म्हणून इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही पाहा. डोंगराच्या कुशीत घर असेल तर जमिनीला नवी भेग, झाडं किंवा खांब कललेले, दारं अचानक अडकणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा आटणं यांतलं काहीही दिसलं की रात्र होण्याआधी निघा. साठ्यासाठी मागे राहू नका. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, वीज तक्रार १९१२. आकडे भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइल बंद पडला तर शेजारच्या फोनवरून लावता येतात.

गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा साठा कसा पुरवायचा?

तो वेगळा धरा. सहा पाहुणे सात दिवस राहिले तर माणशी ३०० ग्रॅमने १२–१३ किलो धान्य वाढीव लागतं, शिवाय मोदकांची पिठी, गूळ आणि नारळ. पंधरा दिवसांच्या साठ्यातून हे काढू नका, कारण भाद्रपदातही पाऊस झोडपतो. गॅसची नोंदणी पंधरा दिवस आधी करा, त्या आठवड्यात एजन्सीवर गर्दी असते. जून-जुलैसाठी भरलेले डबे मात्र याच वेळी आधी उघडा. पाहुण्यांच्या पंगतीत जुना तांदूळ संपतो आणि नवा कापणीला येईपर्यंत पिंपं धुऊन, उन्हात घालून मोकळी होतात.